जहाजाचे नुसते भाडे नको, घर ते घर खर्च छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात जहाजाच्या सहलीची पानभर जाहिरात होती. माणशी ४९,९९९ रुपये 'पासून'. आकडा तळहाताएवढा आणि 'पासून' हा शब्द मुंगीएवढा. सकाळी आठच्या आत आमच्या भिशीच्या ग्रुपवर त्या पानाचे फोटो फिरू लागले. दुपारी चहाला आलेल्या दोघीतिघींनी मला सरळच विचारले, "मावशी, तुम्ही चारदा जाऊन आलाय की. जाऊ का नको, सांगा." चहा होईतोवर या प्रश्नाचे उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण कृपया काटछाट करू नये.

मी बेळगावातल्या शहापूरची, वय ६७. एका पतसंस्थेत ३१ वर्षे रोखपाल होते. आमचे हे उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. दोघेही निवृत्त, मुलगा पुण्याला. २०१९ पासून आम्ही चार वेळा जहाजाने फिरलो. रोखपालाची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे चारही सहलींची पै न् पै वहीत लिहिलेली आहे. इथे देते आहे ते आकडे त्या वहीतले.

पहिली सहल जानेवारी २०१९ ची. मुंबई-गोवा 'आंग्रिया' जहाज आदल्याच ऑक्टोबरात सुरू झाले होते. संध्याकाळी मुंबई सोडायची, सकाळी मुरगाव. आमचे जाण्याचे खरे कारण म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तेव्हा ८३ वर्षांच्या होत्या. माहेर वेंगुर्ले, वडील मुंबईत गिरणीत, त्यामुळे लहानपणी वर्षाला दोन खेपा बोटीने व्हायच्या. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिच्यापर्यंत जायच्या. लाट वर आली की पडावातला खलाशी पोराला उचलायचा आणि बोटीतल्या माणसाच्या हातात द्यायचा, असे त्या सांगत. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर 'रामदास' बोट बुडाली, सहाशेवर माणसे गेली. सासूबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. त्यांच्या आईने पुढची दोन वर्षे पोरांना बोटीत पाय ठेवू दिला नाही. मग मुंबईला जायचे ते आंबोली घाट चढून बेळगावला यायचे आणि इथून रेल्वे धरायची. वेंगुर्ल्याचे बंदर आणि आपले गाव यांचे नाते तसे जुनेच. आंबोलीचा रस्ता इंग्रजांनी बांधला तो बेळगावची छावणी बंदराला जोडायला. पण सासूबाईंनी बेळगाव पहिल्यांदा पाहिले ते बोटीच्या भीतीने, आणि पुढे सून म्हणून त्या इथेच आल्या.

त्या रात्री जहाजावर त्या झोपल्याच नसाव्यात. पहाटे साडेपाचला मला हलवून विचारू लागल्या, "वेंगुर्ला गेला काय गो?" पन्नासपेक्षा जास्त वर्षे आमच्यासारखे बोललेल्या बाईच्या तोंडी माहेरची बोली आली होती. शाल गुंडाळून त्यांना वर डेकवर नेले. अंधार होता. कठडा खाऱ्या दवाने ओला झालेला. डावीकडे लांब काळोखात एक दिवा उघडझाप करत होता. ड्युटीवरच्या खलाशाने सांगितले, वेंगुर्ला रॉक्सचा दिवा. सासूबाईंनी कठड्यावरचा हात उचलून आधी नमस्कार केला, मग तळहात जिभेला लावून बघितला. "तीच चव गो," एवढेच म्हणाल्या. उजाडेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. मुरगावहून गाडी करून चोर्ला घाटाने दुपारी घरी जेवायला आलो. तिघांचा घर ते घर खर्च ३१,४०० रुपये. २०२१ मध्ये सासूबाई गेल्या. त्या ३१,४०० मधला एक रुपयाही मला आजवर जड वाटलेला नाही.

हे आधी लिहिले, कारण जहाजाच्या सहलीला नावे ठेवायला मी बसलेली नाही. ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांच्यासाठी यासारखा प्रवास नाही. २०१७ मध्ये आम्ही बसने उत्तरेकडे गेलो होतो. सात दिवसांत सहा हॉटेले. पहाटे साडेचारला दारावर थाप, बॅगा बाहेर, पुढच्या गावात पुन्हा जिने. तिसऱ्या दिवसापासून हे बसमधून उतरेनासेच झाले, आणि घरी आल्यावर म्हणाले, आता फिरणे संपले. जहाजावर बॅग एकदा उघडायची आणि शेवटच्या दिवशी बंद करायची. लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, जेवायला बसल्या जागेवरून समुद्र दिसतो. गाव आपल्याकडे चालत येते म्हणा ना. यांचे थांबलेले फिरणे त्यामुळे परत सुरू झाले.

आणि दुसरा फायदा बायकांचा. माझे लग्न १९८० चे. तेव्हापासून माझा दिवस ओट्यापासून सुरू होतो. उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाचे पाणी आटले की नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते. त्या काळात तर पाण्याचा दिवस कोणता यावर माझे जाणे-येणे, पाहुणे, सणवार सगळे ठरते. दुसऱ्या सहलीत तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खिडकीशी बसले. चहा संपला आणि सवयीने कप विसळायला उठले. तिथल्या मुलाने तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला. मी परत बसले. पाऊण तास मी काही केले नाही, आणि पाऊण तासात कुणी मला हाक मारली नाही. पंचेचाळीस वर्षांत असा पाऊण तास मला आठवत नाही. याची किंमत वहीत कोणत्या रकान्यात घालायची हे मला अजून कळलेले नाही, पण ती आहे, आणि खर्चाची बाजू मांडताना मी ती विसरणार नाही.

आता खर्चाची बाजू. डिसेंबर २०२३ मध्ये, तिसऱ्या सहलीत, आम्ही सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाने पेनांग आणि फुकेत केले. चार रात्री, आतली खोली, म्हणजे खिडकी नसलेली. तेव्हाही जाहिरातीतला आकडा ४९,९९९ च होता. दोघांचे एक लाख धरून मी मनाची तयारी केली. पैसे भरायला गेल्यावर पहिल्यांदा कळले की बंदराचे शुल्क आणि कर त्यात नाहीत. ते दोघांचे १९,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी, आणि वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला प्राप्तिकर. ही दोन्ही मिळून १२,२००. विमान धरलेलेच नव्हते. बेंगळूर-सिंगापूर जाऊन-येऊन दोघांचे ५४,०००. इथून बेंगळूरपर्यंत राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, जाता-येता ४,४००, आणि स्टेशन ते विमानतळ टॅक्सी २,४००. सिंगापूरचा व्हिसा ६,८००, विमा २,८००. जहाज कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे विमान उशिरा आले तर काय, या धास्तीने आदल्या रात्री सिंगापुरात हॉटेल घेतले. एका रात्रीचे १३,५००. जहाजावर रोज माणशी सेवाशुल्क असते, ते आपोआप खात्यावर चढते. चार दिवसांचे दोघांचे ११,६००. फुकेतला उतरून फिरायचे ९,०००. जहाजावर जेवण फुकट, पण बाटलीतले पाणी, चांगली कॉफी, इंटरनेट आणि त्यांनी काढलेला फोटो यांचे वेगळे पैसे. ते ७,२०० झाले. जाण्याआधी नवे कपडे, बूट, बॅग ८,०००. येताना नातेवाइकांना वस्तू ६,५००.

एकूण २,५७,४००.

मी ही बेरीज तीनदा केली. एक लाखाची सहल अडीच लाखांवर गेली होती, आणि यात आम्ही कुठेही उधळपट्टी केली नव्हती. दारूच्या थेंबाला आम्ही शिवलो नाही, कॅसिनोच्या दारातही गेलो नाही. टीसीएसचे सव्वासहा हजार नंतर परत मिळाले, पण तेही आपोआप मिळत नाहीत. पॅनवर ती रक्कम जमा झाली का ते बघून प्राप्तिकराचे रिटर्न भरावे लागते. आमच्यासारख्या ज्यांचे उत्पन्न कराच्या आत बसते ते रिटर्न भरतच नाहीत आणि हे पैसे तिथेच राहतात. भिशीतल्या चौघींचे असेच राहिले होते. मी त्यांना पतसंस्थेतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे पाठवून रिटर्न भरायला लावले.

बेळगावहून निघणाऱ्याला हा फरक मुंबईकरापेक्षा जास्त बसतो, हे लक्षात घ्यावे. मुंबईच्या माणसाला बॅलार्ड पिअर म्हणजे टॅक्सीचे भाडे. आपल्याला मुंबईसाठीसुद्धा रात्रभराची स्लीपर आणि सकाळी आंघोळीपुरती खोली लागते. परदेशी जायचे तर आधी बेंगळूर, हैदराबाद किंवा मुंबई गाठायची. जाहिरात मुंबईत तयार होते आणि आपल्याकडे जशीच्या तशी छापली जाते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भिशीच्या बायका आणि त्यांचे यजमान असे आम्ही सतराजण पुन्हा सिंगापूरहूनच गेलो. आम्हा दोघांचा घर ते घर खर्च २,७१,०००. आणि खरे सांगायचे ते इथेच आहे. पहिल्या सहलीतला तो दिवा मी अजून डोळे मिटून बघू शकते. पण मुलाने सगळ्या सहलींचे फोटो एकत्र लावले तेव्हा तिसऱ्या सहलीतला फोटो कोणता आणि चौथीतला कोणता, हे मला साडीवरून ओळखावे लागले. जेवणाच्या हॉलची तीच रांग, गादीवर टॉवेलचा तोच हत्ती, रात्री तशाच नाचगाण्याचा कार्यक्रम. फुकेतला दुसऱ्या खेपेला आम्ही उतरलोच नाही, खोलीत झोपलो. जहाज कितीही मोठे असले तरी आतून ते एकच घर असते, आणि ते घर एकदा बघून झालेले असते. खर्च मात्र दर खेपेला थोडा वाढतोच. मी वर्षानुवर्षे लोकांची खाती सांभाळली. भरणा वाढत जातो आणि शिल्लक घटत जाते असे खाते दिसले की मी त्या माणसाला बोलावून सांगत असे. माझ्या स्वतःच्या खात्याचे ते मला सिंगापूरच्या दोन सहलींनंतर दिसले.

ते लवकर का दिसले नाही, याचेही कारण आहे. जहाजावर एक टेबल असते, तिथे पुढच्या सहलीचे बुकिंग घेतात. शेवटच्या दोन दिवसांत माणूस निवांत असतो, अंगाला समुद्राची हवा लागलेली असते, सोबतचे सगळे 'पुढच्या वर्षी परत' म्हणत असतात. 'आज भरले तर सवलत, जहाजावर खर्चायला जादा पैसे, आणि तुमची सभासदाची पायरी वाढेल' असे गोड आवाजात सांगतात. आम्ही मे २०२६ च्या भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींसाठी २०० डॉलर भरून आलो, म्हणजे १७,४०० रुपये. घरी येऊन कागद वाचला तर ही रक्कम परत मिळणारी नव्हती. एजंटला विचारले तर म्हणाला, नियम कंपनीचा. कंपनीला लिहिले तर उत्तर आले, एजंटला विचारा. सहा महिने मी पत्रे लिहिली. आयुष्यभर दुसऱ्यांना 'सही करण्याआधी वाचा' म्हणणाऱ्या माझ्याकडून हे झाले, आणि मला त्याचा अजून त्रास होतो.

त्या भूमध्य समुद्राच्या सहलीचे मी एजंटकडून कागदावर लिहून घेतले, आणि त्याने सोडलेल्या गोष्टी माझ्या वहीप्रमाणे त्यात घातल्या. दोघांचे साडेपाच लाखांच्या वर जाते. युरोपच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून माणशी ९० युरो झाले आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत नाही. बोटांचे ठसे द्यायला बेंगळूरची वेगळी खेप. शिवाय सीमाभागातल्या माणसाची जी कायमची अडचण, ती इथेही आडवी येते. घराचा उतारा कन्नडमध्ये, त्याचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून घ्यायचे. त्यात आमच्या आडनावाचे स्पेलिंग कन्नड उच्चाराप्रमाणे आलेले, पासपोर्टवर ते मराठीप्रमाणे, आणि यांच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. तिन्ही माणसे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करायचे. सिंगापूरच्या वेळी हे लागले नव्हते. माझी एक मैत्रीण या कामासाठी कचेरीत चार हेलपाटे घालून आली आणि शेवटी म्हणाली, जहाजात बसायच्या आधीच मला बोट लागली.

आता एक वेगळी गोष्ट सांगते, जी भिशीत सांगितल्यावर दोघीजणी माझ्यावर रुसल्या. माझ्या नणंदेचा मुलगा खानापूर तालुक्यातला. तो सहा वर्षे अशाच मोठ्या जहाजांवर किचनमध्ये आहे. नऊ महिन्यांचा करार, मग घरी दोन महिने, मग पुन्हा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जहाजावरच्या माणसाला २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे १४ तासांपर्यंत काम बसू शकते, आणि नऊ महिन्यांत रविवार हा वार नसतोच. त्याच्या बहिणीचे लग्न झाले तेव्हा तो कुठल्या तरी समुद्रात होता. अक्षता पडताना त्याने फोनवरून बघितले, अर्ध्यात नेटवर्क गेले. त्याच्या पगारातून नणंदेचे घर उभे राहिले, हेही तितकेच खरे.

चौथ्या सहलीत तिसऱ्या दिवशी आमच्यातले काहीजण रिसेप्शनपुढे रांगेत उभे राहिले. कुणीतरी सांगितले होते की रोजचे सेवाशुल्क नको म्हटले तर काढून टाकतात. माणशी पाच-सहा हजार वाचतात. मी खोलीत येऊन भाच्याला मेसेज केला. तो योगायोगाने बंदरात होता, लगेच फोन आला. "मामी, ते पैसे काढू नका. आमच्याकडे तरी खोली झाडणाऱ्या, ताटे उचलणाऱ्या पोरांच्या पगारातला मोठा भाग त्यातनंच येतोय." मी रांगेत जाऊन हे सांगितले. काहीजण मागे फिरले, काहीजण नाही. ज्या मुलाने माझ्या हातातला कप घेतला होता तसाच एक मुलगा रांगेशेजारून ट्रॉली ढकलत गेला. त्याला मराठी कळत नव्हते, पण रांग कशासाठी आहे हे त्याला कळत होते. तो खाली बघून गेला. ज्यांना हे शुल्क जड जाते त्यांनी ते आधीच खर्चात धरावे, आणि तेवढे जमत नसेल तर एक वर्ष थांबावे. पण तिथे जाऊन सेवा घ्यायची आणि शेवटी पोराच्या ताटातले काढायचे, हे आपल्याला शोभत नाही.

जाता जाता खानापूर, चंदगड, जोयडा भागातल्या आईबापांना एक सांगते. जहाजावर नोकरी लावतो म्हणून लाख-दीड लाख मागणारे आपल्याकडे फिरतात. भाच्याचेही पहिले पैसे असेच बुडाले. नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या एजन्सीला नोकरी लावण्यासाठी मुलाकडून पैसे घेता येत नाहीत. मागितले की तिथेच समजावे.

दुसरी सहल लक्षद्वीपची, नोव्हेंबर २०२२, मुंबईहून. दोघांचे १,३६,०००. निळ्या पाण्याचे वर्णन सगळे करतात, मी दुसरे सांगते. अगत्तीला मोठे जहाज लागत नाही. ते बाहेर थांबते आणि लहान होड्यांतून नेतात. सासूबाईंचा पडावच. जहाजावर सगळीकडे लिफ्ट, पण त्या होडीत उतरायला हलत्या पाण्यावर एक पाऊल खाली टाकावे लागते, आणि ते एक पाऊल यांना टाकता आले नाही. ते डेकवर बसून राहिले, मी एकटी गेले. ज्यांच्यासाठी म्हणून ही सहल सोयीची, त्यांच्यासाठी किनारा मात्र सोयीचा असेलच असे नाही, हे कुणी आधी सांगत नाही.

अगत्तीची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेसात हजारांच्या आसपास होती. आम्ही एका दिवसात शेकड्यांनी तिथे उतरलो, नारळपाणी प्यालो, पाय धुतले, परत गेलो. त्या बेटावर नदी नाही. पाऊस, विहिरी आणि समुद्राचे पाणी गोड करणारा प्रकल्प यांवर लोक जगतात. मी नळाखाली पाय धरले होते, तेवढ्यात शेजारच्या घरातली एक बाई बादली घेऊन आली आणि आमची रांग बघून काही न बोलता बाजूला थांबली. माझी पाण्याच्या दिवशीची बादली मला आठवली आणि मी नळ बंद केला. इटलीच्या सरकारने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिस शहरातल्या ज्युदेक्का कालव्यातून बंदी घातली. व्हेनिसचे कुणी तरी ऐकले. अगत्तीच्या लोकांचे कोण ऐकणार? जहाजांचे इंधन, धूर, सांडपाणी यांवर मोठमोठे लिहिणारे आहेत, मी त्यात पडत नाही. मी एवढेच म्हणते, आपण दरवर्षी जातो तेव्हा दरवर्षी कुणाच्या तरी नळावर जातो.

काही बारीक गोष्टी भराभर सांगून टाकते. जहाजावरच्या डॉक्टरची फी आपल्याकडच्या मोठ्या दवाखान्यालाही मागे टाकते, आणि घरच्या मेडिक्लेममध्ये ती बसत नाही; परदेशी प्रवासाचा विमा घ्या आणि पावती जपून ठेवा. जहाजात पाय ठेवताच मोबाइल विमानाच्या मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाचे उपग्रहाचे नेटवर्क पकडतो. आमच्यातल्या एकांना नातवाशी दोनचार वेळा बोलल्याचे सहा हजारांवर बिल आले. निघताना लाइफ जॅकेटची कवायत असते, तिला दांडी मारू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडले, ३२ माणसे गेली. आपल्या खोलीतून होडीपर्यंतची वाट अंधारात सापडली पाहिजे. आणि हात धुवा, बाटलीतल्या सॅनिटायझरवर भागवू नका. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांना साबण आणि पाणीच लागते.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती कर्जाची. पतसंस्थेत असताना कर्जाच्या अर्जावर कारण लिहावे लागे. घरदुरुस्ती, शिक्षण, लग्न, म्हैस घेणे. माझ्या शेवटच्या वर्षांत घरदुरुस्तीचे अर्ज एप्रिल-मेमध्ये वाढायला लागले आणि घरे मात्र होती तशीच दिसत. आता तर लपवायचीही गरज उरली नाही. जाहिरातीतच 'आता फिरा, नंतर भरा' असते. चार रात्रींची सहल आणि चोवीस हप्ते. हप्ते निम्मे व्हायच्या आत पुढच्या वर्षीची जाहिरात येते आणि जुन्या कर्जावर नवे बसते. माझ्या ओळखीतल्या एका तरुण जोडप्याने असे तीन वेळा केले. दोघेही कष्टाळू, दोघेही चांगले. यंदा मुलीची शाळेची फी भरायला बायकोने पाटल्या मोडल्या. हौस असू नये असे मी म्हणणार नाही, माझीच हौस सात लाखांची झाली आहे: चार सहलींची बेरीज ६,९५,८००. पण ते आमचे साठवलेले पैसे होते. एकदा जावे, साठवून जावे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जावे. दरवर्षी जाण्यासारखे त्यात काही नाही, आणि कर्ज काढून जाण्यासारखे तर मुळीच नाही. भिशीतल्या मुलींना माझे उत्तर हे आहे.

संपादक महाशय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. जाहिरात छापू नका असे मी म्हणत नाही, वर्तमानपत्र त्यावर चालते हे मला कळते. पण सहलीच्या जाहिरातीत बंदर शुल्क, कर, सेवाशुल्क आणि बेळगावहून तिथपर्यंतचा अंदाजे प्रवास धरून दोघांचा एकूण आकडा, त्याच आकाराच्या अक्षरांत, द्यायला जाहिरातदारांना सांगावे. आणि वाचकांनी स्वतःच्या सहलींचे खर्च लिहून पाठवावेत असे एक सदर महिन्यातून एकदा सुरू करावे. सहल कोणतीही असो, चारधाम, काशी किंवा सिंगापूर. पहिला मजकूर म्हणून माझी वही मी द्यायला तयार आहे.

भिशीची यादी या शुक्रवारी एजंटकडे जायची आहे. आमच्या नावापुढे मी फुली मारली. ते १७,४०० रुपये गेले असे धरले आहे. गुडघे दुखतात म्हणून आम्ही जहाजाने जायला लागलो, आणि एका सिंगापूरच्या सहलीत एका गुडघ्याचे ऑपरेशन होते, हे वही उघडल्यावर मी यांना दाखवले. ऑपरेशनची त्यांना भीती होती, म्हणून सात वर्षे ते टळत होते. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन संक्रांतीनंतरची तारीख घेऊन आले. चालता यायला लागले की एसटीने आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जायचे ठरले आहे. तिथला बंदरावरचा दिवा टेकडीवर आहे. तिथपर्यंत त्यांना चढून जायचे आहे.

आपली नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव
(नाव व पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.)